पुस्तक निघाल्यानंतरचं वर्ष



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय कळवायला सांगितलं, तेव्हा मी मुद्दाम असा विषय निवडला, ज्यावर लेखक आपसांत खूप बोलतात आणि व्यासपीठावर जवळजवळ बोलतच नाहीत. स्वतःचं पुस्तक वाचकांपर्यंत नेताना लेखकाचा किती वेळ जातो, मन किती खर्ची पडतं आणि पुढचं लिहायला मागे काय उरतं, हा तो विषय. निर्मितीप्रक्रियेवर आपल्याकडे चर्चासत्रं होतात. पुस्तक छापून आल्यानंतरच्या वर्षावर होत नाहीत. माझ्या पाहण्यात मात्र लिहिणारी बरीच माणसं थकतात ती याच वर्षात, आणि काही जण त्यानंतर लिहीतच नाहीत.

मराठीत आज पुस्तक निघतं ते कसं, हे आधी पाहू. एके काळी अकराशे प्रतींची आवृत्ती हा आपल्याकडचा रिवाज होता. आता प्रकाशक पाचशे काढतो, आणि मागणीनुसार छपाईची सोय झाल्यापासून शंभर-दोनशे प्रतींची आवृत्तीही निघते. वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीतले चाळीस-पन्नास टक्के जातात. कागद, छपाई, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन यांचा खर्च उरलेल्यातून भागवायचा, म्हणजे जाहिरातीला हाती काही राहत नाही. रविवारच्या पुरवण्यांमधली परीक्षणांची जागा आटली. बरीच नियतकालिकं बंद पडली. त्यामुळे पुस्तक लोकांना कळावं ही जबाबदारी हळूहळू लेखकाकडे सरकली. कुणी तसा ठराव केला नाही. ती सरकत आली आणि लेखकाने ती उचलली, कारण दुसरं कुणी उचलणार नव्हतं.

म्हणजे आता लेखक काय करतो? प्रकाशन समारंभासाठी सभागृह शोधतो, पाहुण्यांच्या तारखा जुळवतो. मुखपृष्ठाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या पंचवीस गटांवर टाकतो आणि त्याखाली आलेल्या अंगठ्यांना एकेक करून उत्तर देतो. भेटप्रती खाकी कागदात बांधून पत्ते घालतो. २०२४च्या डिसेंबरात टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केली, तेव्हा ज्यांनी खरोखर हळहळ केली त्यांत असे पुस्तकं बांधून पाठवणारे लेखक पुष्कळ होते. पुढे २०२५च्या मे महिन्यात ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर. हे दर आज मराठी कवींना पाठ आहेत. त्यांना ते पाठ असावे लागतात, याचं मला वाईट वाटतं.

या सगळ्याला वेळ लागतो. पण वेळेचा हिशेब मांडता येतो. टपाल कचेरीत दोन तास गेले, तर दोन तास गेले. संध्याकाळी माणूस पुन्हा टेबलाशी बसू शकतो. मी आज मांडणार आहे ती गोष्ट वेगळी आहे. पुस्तकासाठी आपण जी धडपड करतो, तिच्यातली काही कामं त्याच दिवशी मिटतात आणि काही उघडी राहतात. लेखकाला पोखरतात ती उघडी राहिलेली कामं.

एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात वीस-पंचवीस माणसांसमोर आपण दोन प्रकरणं वाचतो. कुणी प्रश्न विचारतो, कुणी वाद घालतो, एक आजी येऊन सांगतात की आमच्याकडे असं नव्हतं हो. सात-आठ प्रती जातात. आपण एसटीने घरी येतो आणि काम संपतं. जे मिळायचं ते मिळालं, जे नाही ते नाही. आता दुसरं काम घ्या. एका मान्यवर समीक्षकाला भेटप्रत पाठवली. ती पोहोचली का? त्यांनी उघडली का? फोन करावा का? केला तर आगाऊपणा वाटेल का? त्यांनी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावर लिहिलेलं छापून येतं, मग आपल्यावर का नाही? प्रत बांधायला पंधरा मिनिटं लागली, पण हे काम वर्षभर उघडं राहतं. पुरस्कारासाठी पाठवलेल्या प्रतींचं तसंच, आणि फेसबुकवर टाकलेल्या मजकुराचंही. अशी दहा-बारा कामं मनात उघडी असताना नवं प्रकरण लिहायला बसणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत लिहायला बसणं आहे. हात कागदावर असतो, कान आत असतो.

हे दुखणं समाजमाध्यमांनी आणलं असं मानणाऱ्यांना मी एक जुनं उदाहरण सांगते. ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. पुण्यात, पाचशे प्रती. बुलढाण्याच्या या बाईंनी एका तरुण विधवेवर चाललेला खटला आणि त्यावर वर्तमानपत्रांनी केलेली शेरेबाजी वाचून ती लिहिली. पुरुषांच्या दुटप्पीपणावर इतकं थेट मराठीत तोवर कुणी लिहिलं नव्हतं. पुस्तकाची हेटाळणी झाली. ती फक्त सनातन्यांनी केली असती तर समजण्यासारखं होतं. सुधारणेची भाषा बोलणाऱ्या, सत्यशोधक वर्तुळातल्या पत्रकारांनीही ती केली. १८८५मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलं जवळजवळ विस्मरणात गेलं आणि १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा नव्वद-त्र्याण्णव वर्षांनी त्याला वाचक मिळाले. आज ते विद्यापीठांत अभ्यासाला आहे. पुस्तकाचं आयुष्य आणि लेखकाची सोसण्याची ताकद यांची गती वेगवेगळी असते, हे या उदाहरणाइतकं उघड मला दुसरीकडे दिसलेलं नाही. आपण सगळं बळ पहिल्या तीन महिन्यांत लावतो, आणि मराठी पुस्तक तर ग्रंथालयाच्या कपाटातून पंधरा-वीस वर्षं माणसं गाठत राहतं.

हेन्री डेव्हिड थोरोचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. १८४९मध्ये त्याचं पहिलं पुस्तक निघालं, कॉन्कर्ड आणि मेरिमॅक नद्यांवरच्या एका आठवड्याच्या प्रवासाचं. प्रती हजार, आणि खर्च लेखकाच्या अंगावर टाकणारा करार. पुस्तक खपलं नाही. १८५३च्या ऑक्टोबरात प्रकाशकाने उरलेल्या ७०६ प्रती त्याच्या घरी पाठवून दिल्या. त्याने त्या पाठीवरून वरच्या मजल्यावर नेऊन रचल्या आणि रोजनिशीत नोंद केली की, आपल्या ग्रंथसंग्रहात आता जवळपास नऊशे पुस्तकं आहेत आणि त्यांतली सातशेहून अधिक आपण स्वतःच लिहिलेली आहेत. त्याच संध्याकाळी तो पुन्हा लिहायला बसला. कर्ज त्याने जमिनी मोजून आणि घरच्या पेन्सिलींच्या धंद्यातून फेडलं.

इथवरची हकिगत बऱ्याच जणांना माहीत असते. मला मोलाची वाटते ती तिच्या पोटातली एक बारीक गोष्ट. त्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी ‘वॉल्डन’ लवकरच येणार अशी जाहिरात छापलेली होती. पहिलं पडलं म्हणून दुसरं रखडलं, आणि त्या पाच वर्षांत थोरोने ‘वॉल्डन’चे नव्याने खर्डे केले. एकूण सात खर्डे झाले. १८५४मध्ये जे पुस्तक बाहेर आलं ते १८४९मध्ये येऊ शकलंच नसतं. अपयश चांगलं असतं असं मी म्हणत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला ते सांगणं क्रूर आहे. सांगायचं इतकंच की ७०६ प्रती माडीवर रचून झाल्यावर थोरोसाठी ते काम मिटलं. त्याने प्रकाशकाशी आणि वाचकांशी मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं नाही, आणि जी पाच वर्षं हाती आली ती पुढच्या पुस्तकात घातली.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण घेते, कारण त्याशिवाय हे मांडणं प्रामाणिक होणार नाही. मी म्हटलं की वाचकांसमोर जाऊन वाचणं हे त्याच दिवशी मिटणारं काम आहे, ते लेखकाने बिनधास्त करावं. चार्ल्स डिकन्सने तेच केलं, आणि त्यात तो संपला.

डिकन्सने एप्रिल १८५८पासून स्वतःच्या उत्पन्नासाठी जाहीर वाचनं सुरू केली. त्याच सुमारास त्याचा संसार मोडत होता. घरात जे तुटलं होतं ते सभागृहात भरून निघत असावं, असं त्याची चरित्रं वाचताना सतत वाटतं. त्याच्या वाचनाची तयारी नाटकाच्या तोडीची असे. स्वतः आखून घेतलेलं टेबल, स्वतःची दिव्यांची रचना, कादंबऱ्यांतून काटछाट करून बनवलेल्या खास संहिता. तो वाचत नसे, पात्रं उभी करी. लोक रडत, हसत, काही ठिकाणी बायका बेशुद्ध पडत. तिकिटांसाठी रात्रभर रांगा लागत.

१८६५च्या ९ जूनला स्टेपलहर्स्टजवळ आगगाडीचा अपघात झाला, त्या गाडीत डिकन्स होता. पुलावरून डबे खाली गेले, त्याचा डबा कसाबसा लटकून राहिला. तो जखमींना पाणी देत हिंडला. त्या दिवसापासून गाडीत बसलं की त्याला कापरं भरे. आणि वाचनाचे दौरे म्हणजे आगगाडीच. तरी तो १८६७च्या अखेरीस अमेरिकेला गेला. तिथे हिवाळाभर सर्दीने घसा धरलेला, डावा पाय सुजलेला, जेवण जाईना, झोप येईना. पण संध्याकाळी मंचावर पाऊल ठेवलं की आवाज लख्ख. सत्तराहून जास्त वाचनं झाली आणि जवळपास एकोणीस हजार पौंड घेऊन तो परतला. त्या काळी ही रक्कम अफाट होती.

परतल्यावर निरोपाचा दौरा ठरला. त्यात त्याने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग घेतला. मुलाने विनवलं की हे करू नका. व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बीने विनवलं. १८६९च्या जानेवारीत त्याने तो पहिल्यांदा जाहीरपणे वाचला आणि मग त्याला त्याचा सोस लागला. एप्रिलमध्ये प्रेस्टनला डॉक्टर फ्रँक बिअर्ड यांनी त्याला थांबवलं आणि दौरा रद्द केला. तरी १८७०च्या आरंभी लंडनमध्ये बारा वाचनं करायची परवानगी त्याने मिळवलीच. बिअर्ड आता शेजारी बसून नाडी मोजत. एरवी मिनिटाला बहात्तर पडणारी नाडी नॅन्सीच्या प्रसंगानंतर एकशे चोवीसपर्यंत गेलेली त्यांनी नोंदवली. मध्यंतरात डिकन्सला कोचावर निजवावं लागे, काही मिनिटं त्याला वाक्य जुळवता येत नसे, आणि मग तो उठून पुढचं वाचायला जाई. १५ मार्चला शेवटचं वाचन झालं. ९ जूनला, अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चे बारा भाग ठरले होते. सहा लिहून झाले होते. उरलेले सहा त्या सभागृहांत खर्च झाले असं मी म्हणते तेव्हा ते माझं मत आहे, वैद्यकीय निदान नव्हे. पण हे मत मी बरीच वर्षं बाळगून आहे.

डिकन्सला पैसा हवा होता, त्याच्यावर मोठं कुटुंब अवलंबून होतं, हे खरं. पण त्या रात्री त्याला मंचावर ओढत होता तो समोरचा जमाव. लिहिताना वाचक दिसत नाही. लिहिणारा महिनोन्‌महिने एकटा बसतो आणि आपण लिहिलेलं कुणाला भिडतंय का, हे त्याला कळत नाही. सभागृहात ते त्याच क्षणी कळतं. हे मिळणं एकदा सवयीचं झालं की टेबलापाशी एकटं बसणं कोरडं वाटू लागतं. आज ज्यांना रील केली की हजारांचा प्रतिसाद येतो अशा तरुण लेखकांशी बोलताना मला डिकन्सची आठवण होते. त्यांची दमणूक मी हलक्याने घेत नाही. प्रतिसाद न मिळणाऱ्यांची वेदना आपल्याला दिसते. मिळणाऱ्यांचं ओढलं जाणं दिसत नाही. म्हणून त्याच दिवशी मिटणाऱ्या कामालाही मुदत हवी. किती कार्यक्रम आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे पुस्तक छापखान्यात असतानाच ठरवायचं. पहिली टाळी पडल्यावर ते ठरवता येत नाही.

आपल्याकडे विक्रीचं काम सर्वांत खुलेपणाने केलं ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने मराठीत ज्ञानकोश काढायचं मनात घेतलं, तेव्हा राजाश्रय नव्हता, सरकार नव्हतं, विद्यापीठ पाठीशी नव्हतं. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली. भाग विकून भांडवल उभं केलं. खंड छापून होण्याआधी वर्गणीदार मिळवले. पुढे काम पुण्यात आलं, यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी तयार झाले, आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड पुरे झाले. १९२७मध्ये केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक लिहून या उद्योगाचा इतिहास सांगितला. त्यात कल्पना आहेत तसा पैसाही आहे, विद्वत्ता आहे तशी विक्रीही आहे. विक्री लपवायची किंवा खाली मान घालून करायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

मला यात दोन गोष्टी दिसतात. विक्री हे केतकरांच्या मनावरचं ओझं राहिलं नाही, कारण त्यांनी तिला संस्थेचं रूप दिलं. भाग घेणारा, वर्गणी भरणारा, खंड लिहिणारा, हिशेब ठेवणारा, सगळे त्या कामात वाटेकरी झाले. नकार आला तर तो मंडळाला आला. दुसरी गोष्ट अशी की ज्या वर्षांत हे सारं चाललं होतं त्याच वर्षांत केतकर कादंबऱ्या लिहीत होते. त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ ही कादंबरी आली ती लगेच पुढे, १९३०मध्ये. माणूस प्रचंड कामाने मोडतो असं नाही. तो एकट्याने वाट पाहून मोडतो.

पण केतकरांचा गौरव करताना त्यांच्या घराकडे पाहायला हवं. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, मूळच्या एडिथ कोहन, यांनी ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या नावाने आठवणी लिहिल्या. परक्या देशात येऊन ओढगस्तीचा संसार त्यांनी केला. मोठ्या ग्रंथप्रकल्पांच्या इतिहासात घरच्या बाईचा वाटा तळटीपेतही येत नाही. आजही लेखकाच्या पुस्तकांचे गठ्ठे घरात कुणीतरी आवरतं, पार्सलं कुणीतरी पोहोचवतं, आणि आलेला नकार रात्री जेवताना कुणीतरी ऐकून घेतं. लेखकाच्या भावनिक खर्चाचा हिशेब मांडताना हा वाटा त्यात धरला पाहिजे.

आणि लेखक स्वतः बाई असेल तर? तिच्याकडे मुळात लिहायचे तास मोजके असतात. पहाटेचे, किंवा सगळ्यांची जेवणं आटोपल्यावरचे. पुस्तक निघाल्यावर प्रचाराचा वेळ तिने कुठून काढायचा? स्वयंपाकातून, मुलांच्या अभ्यासातून, नोकरीतून तो निघत नाही. तो लिहिण्याच्या तासांतूनच कापला जातो, कारण तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो. म्हणून एखादी कवयित्री कार्यक्रमांना दिसत नाही, समाजमाध्यमांवर दिसत नाही, तेव्हा ती उदासीन आहे असा अर्थ काढू नये. ती कदाचित लिहीत असेल.

मग काहीच करू नये, पुस्तक आपल्या पायांनी चालेल, असं म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे आणि तो अरुण कोलटकरांकडे बोट दाखवतो. कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले, त्यातले पुरस्कार मिळवणारे कलावंत. विक्रीचं शास्त्र ज्याला उत्तम येत होतं त्या माणसाने स्वतःच्या कवितेसाठी ते वापरलं नाही. इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६चं, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७चं. पुढची पंचवीसेक वर्षं कवितेचं नवं पुस्तक जवळपास नाहीच. मग २००३-०४मध्ये ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ आणि इंग्रजीतले दोन संग्रह ओळीने आले, आणि सप्टेंबर २००४मध्ये ते गेले. मधल्या काळात मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये ते ठरलेल्या दिवशी मित्रांबरोबर बसत.

हे उदाहरण मला फार प्रिय आहे, पण ते अर्धं सांगितलं जातं. कोलटकरांनी पुस्तकं विकली नाहीत, कारण ती सांभाळणारी माणसं त्यांच्याभोवती होती. ‘जेजुरी’ आणणारं क्लिअरिंग हाउस हे कवींनीच मिळून चालवलेलं प्रकाशन होतं. मराठी पुस्तकांमागे अशोक शहाणे आणि त्यांचं प्रास प्रकाशन होतं. छपाईतल्या काना-मात्रेवर जीव टाकणारा माणूस. ही अलिप्तता मित्रांच्या श्रमांवर उभी होती आणि त्यात कमीपणा काही नाही. परभणीत किंवा कणकवलीत एकटीने लिहिणाऱ्या मुलीला मात्र तुम्ही कोलटकरांचा दाखला देऊन गप्प बसा म्हणून सांगू शकत नाही. तिच्याभोवती आधी अशी चार माणसं जमली पाहिजेत.

विक्रीत वेळही जावा आणि मनही ओतावं, आणि तरी लिहिणं शाबूत राहावं, अशी एक रीत मला जोतीराव फुल्यांच्यात सापडते. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’त त्याची पहिली दोन प्रकरणं छापली गेली आणि पुढची छापायला ते धजले नाहीत. आपल्याच बाजूच्या पत्राने हात आखडता घेणं हे लेखकाला किती लागतं, हे निराळं सांगायला नको. जोतीरावांनी हे पुस्तक पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी सभांतून वाचून दाखवलं, आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकलं, असं ते स्वतःच प्रस्तावनेत नोंदवतात. ज्याच्यासाठी लिहिलं त्या शेतकऱ्याला बहुधा वाचता येत नव्हतं. म्हणून वाचून दाखवणं हाच त्या पुस्तकाचा प्रवास होता. इथे प्रचार आणि लेखन यांत फट नाही. ओतूरच्या सभेत जो माणूस मध्येच उठून आपल्या गावची हकिगत सांगत असेल, तो लेखकाला पुढचं लिहायला बळच देत असणार. डिकन्सच्या सभागृहात आणि या सभांत मला हा फरक दिसतो. डिकन्सच्या सभागृहातून मिळे ती दाद, आणि इथे श्रोत्यांचा जाब लेखकाला ऐकावा लागे. जाब ऐकणाऱ्याला नशा चढत नाही.

यावरून मी माझ्यापुरती जी घडी बसवली आहे ती सांगते. कुणी तशीच बसवावी असा आग्रह नाही. पुस्तक निघालं की एक हंगाम, दिवाळी ते होळी, मी त्याच्यासाठी हिंडते. जिथे लोक उलटून विचारतील अशा ठिकाणी आधी जाते: शाळांचे शिक्षक, वाचनकट्टे, बायकांच्या पुस्तकभिश्या, छोटी वाचनालयं. मोठ्या मंचावर बोलावलं तर जाते, पण त्यामागे लागत नाही. भेटप्रती आणि पुरस्कारांच्या प्रती प्रकाशकाकडून एकदाच जातात. यादी मी करून देते आणि त्या यादीची प्रत स्वतःजवळ ठेवत नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याची नोंद हाताशी नाही त्याची वाट पाहणं खरोखर कमी होतं. पुस्तकाबद्दल ऑनलाइन कुणी काय लिहिलं हे माझी एक मैत्रीण वाचते आणि उत्तर द्यायलाच हवं असेल तेवढं कळवते. तिच्या पुस्तकाच्या वेळी मी तिच्यासाठी हेच करते. सकाळच्या लिहिण्याच्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो, हंगामातही. त्या वेळात काही वेळा दोनच वाक्यं होतात. पण ती नव्या पुस्तकाची असतात, आणि नवं पुस्तक सुरू आहे हे ठाऊक असलं की जुन्याच्या नशिबाचा धसका कमी होतो.

हे सगळं एकट्या लेखकाने सांभाळायचं का? मला तसं वाटत नाही, आणि आज मी एका वाचनालयाच्या सभागृहात उभी आहे म्हणून हे इथेच बोलते. १८७८मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आज तिचं रूप साहित्य संमेलन आहे आणि त्यात ग्रंथप्रदर्शनावर खरोखर मोठी खरेदी होते. पण ते वर्षातले तीन दिवस. उरलेलं वर्ष तुमच्या, म्हणजे वाचनालयांच्या, हातात आहे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था आहे, तशी कित्येक राज्यांत नाही. तिच्याकडे जागा आहे, खुर्च्या आहेत, सभासद आहेत.

माझी मागणी साधी आहे. लेखकाला बोलावलंत तर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांवरचा खर्च वाचवा आणि त्या रकमेत त्याच्या दहा प्रती घ्या. त्या कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी सभासदांना वाचायला द्या, म्हणजे समोर बसलेल्यांपैकी दहा जण तरी पुस्तक वाचून आलेले असतील. जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन पाकिटात घालून त्याच दिवशी द्या. लेखकाला नंतर आठवण करायला लावू नका, कारण तेही एक उघडं राहणारं काम आहे. अध्यक्षीय समारोप आटोपता ठेवा आणि प्रश्नांना निदान पाऊण तास द्या. भेट म्हणून आलेलं पुस्तक ग्रंथालयाला नको असेल तर तसं एका ओळीच्या पत्राने कळवा. नकार लेखक पचवतो, पण उत्तराविना गेलेलं वर्ष त्याला जड जातं.

तुमच्या कार्यवाहांशी माझं काल बोलणं झालं. माझ्या पुस्तकाच्या प्रती त्यांनी आधीच सभासदांना दिल्या होत्या असं कळलं, आणि त्यावर पहिल्या रांगेतल्या काहींचे आक्षेप आहेत असंही कळलं. घड्याळात अजून बराच वेळ आहे. ध्वनिवर्धक खाली पाठवावा. आधी आक्षेप घेऊ, मग प्रश्न.